दातांच्या तारा : दोन वर्षांचा करार



वसंत व्याख्यानमालेच्या व्यासपीठावर साहित्य, इतिहास, अर्थकारण असे भारदस्त विषय यावेत अशी रीत आहे. तेथे कामगार संघटनेचा एक कार्यकर्ता उभा राहून दातांना बसवावयाच्या तारांविषयी बोलणार, हे पत्रिकेत वाचून पुष्कळांना हसू आले असेल. आमची त्याला हरकत नाही. हसतील त्यांचे दात दिसतील, आणि आजचा विषय तोच आहे.

प्रारंभीच सांगितले पाहिजे की, आम्ही दंतवैद्य नव्हे. आमची शाळा लवकर सुटली. पुढले शिक्षण झाले ते रात्री वाचनालयात आणि दिवसा कारखान्याच्या दारात. परंतु कामगारांच्या पतपेढीत कर्जाचे अर्ज वाचण्याचे काम आमच्याकडे पुष्कळ वर्षे आहे, आणि माणसाचा संसार कोठे अडतो हे अर्थशास्त्राच्या ग्रंथापेक्षा त्या अर्जांतून अधिक कळते. पूर्वी अर्जावर कारण लिहिलेले असे : लग्न, आजारपण, घराची डागडुजी, मुलाची फी. अलीकडे त्यांत एक नवे कारण दिसू लागले आहे : 'मुलीच्या दातांच्या तारा'. अर्ज घेऊन आलेल्या बापाला विचारावे, "किती महिने चालणार?" तो म्हणतो, "डॉक्टर सांगतील तसे." "एकूण खर्च किती?" "आधी एवढे भरायचे आहेत, पुढचे पुढे बघू." वेतनकराराच्या प्रत्येक कलमावर बोट ठेवून वाचणारा, बोनसातल्या पैपैचा हिशेब मागणारा हा माणूस घरातल्या दोन वर्षांच्या करारावर मात्र न वाचता सही करून मोकळा होतो.

म्हणून आम्ही या विषयाकडे वळलो. दंतवैद्यांना विचारले, मिळतील ती पुस्तके वाचली, ज्या घरांत मुलांचे उपचार चालू होते तेथे बसून ऐकले. त्यातून जे उमगले ते एका वाक्यात असे आहे : दातांना तारा बसवणे हा एका दिवसाचा विधी नव्हे, तो दीर्घ मुदतीचा करार आहे. या कराराला तीन पक्ष आहेत. एक डॉक्टर, दुसरे तुम्ही आणि तिसरे तुमच्या जबड्याचे हाड. तिघांपैकी एकाने जरी अंग काढून घेतले, तरी पैसा जातो आणि दात अर्ध्या वाटेवर अडकून राहतात.

ऐरोलीत हे बोलण्याला कारण आहे. ऐरोली, दिवा, रबाळे ही मूळची आगरी-कोळ्यांची गावे. ठाणे-बेलापूर रस्त्यालगत कारखाने उभे राहिले, १९७० साली सिडको स्थापन झाली, १९९२ साली महानगरपालिका आली, आणि मिठागरे व खाजणे यांच्या शेजारी आपले हे नगर वसले. गावठाणातला कोळी, सेक्टरमधला गिरणीकामगाराचा मुलगा आणि काचेच्या इमारतीत संगणकावर बसणारी त्याची नात, असे सर्व येथे एका रस्त्यावर भेटतात. रस्त्यारस्त्यावर दातांचे दवाखाने झाले आहेत. आजोबांच्या काळी दुखरा दात उपटणे एवढाच ज्याचा उपयोग माहीत होता, त्या दंतवैद्याकडे आता नात दात न दुखताही जाते. हा बदल चांगला आहे. त्याला माहितीची जोड मात्र हवी.

पहिला प्रश्न असा की, तारा बसवाव्यात कोणी? वाकडे दात दिसले की बसवल्याच पाहिजेत, असे नाही. एखादा सुळा किंचित तिरका असेल, घास नीट चावला जात असेल, दात स्वच्छ राहत असतील, तर त्या माणसाने तसेच हसत राहावे. परंतु वरचे पुढचे दात फारच बाहेर आलेले असतील, तर मूल पडले-आपटले असता ते तुटण्याचा धोका अधिक असतो. दातावर दात चढले असतील, तर फटींत अन्न अडकते, ब्रश पोचत नाही, कीड लागते आणि हिरड्या सुजतात. खालचे दात वरच्या टाळूला टोचत असतील किंवा वरची-खालची दातांची ओळ एकमेकींवर बसतच नसेल, तर चावण्यात अडचण येते. अशा ठिकाणी उपचार ही चैन नव्हे.

इंग्लंडात १९४८ साली राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाली. तेथे दातांच्या वाकडेपणाच्या गरजेला पाच पायऱ्या लावलेल्या आहेत. १९८९ साली ही मोजपट्टी प्रसिद्ध झाली. अठरा वर्षांखालील ज्या मुलाची गरज त्या मोजपट्टीत पुरेशी भरते, त्याच्या तारांचा खर्च सरकार सोसते. केवळ शोभेसाठी हवे असेल त्याने स्वतःचा खिसा उघडावा. आपल्याकडे सरकार खर्च सोसत नाही. परंतु पायऱ्यांची ही कल्पना फुकट घेता येण्याजोगी आहे. डॉक्टरांना सरळ विचारावे : "हे केले नाही तर काय होईल?" चांगला डॉक्टर या प्रश्नावर रागावत नाही.

येथे एक कडू गोष्ट बोलली पाहिजे. पतपेढीतले पुष्कळ अर्ज मुलींसाठी असतात, आणि त्यामागे दातांची काळजी थोडी व स्थळांची काळजी फार असते. मुलगी बावीस वर्षांची झाली, कांदेपोहे सुरू झाले, की बाप धावत दवाखान्यात येतो आणि सहा महिन्यांत दात सरळ करून मागतो. त्याच घरातल्या मुलाचे दात तितकेच पुढे असले तरी त्याला कोणी काही म्हणत नाही. आमचे म्हणणे असे की, दात मुलीचे आहेत, पाहायला येणाऱ्यांचे नव्हेत. तिला हसताना तोंडावर हात धरावा लागत असेल आणि तिला स्वतःला ते नको असेल, तर तिच्यासाठी अवश्य खर्च करा. पण तिला विचारून करा. कारण दोन वर्षे ब्रश तिला धरायचा आहे आणि दुखणेही तिलाच सोसायचे आहे. जिची संमती नाही तिच्याकडून करार पाळला जात नाही, हे संघटनेत काम करणाऱ्याला कोणी शिकवावे लागत नाही.

वयाचे म्हणाल तर, सात वर्षांच्या सुमारास मुलाला एकदा दाखवून आणावे, असा तज्ज्ञांचा सल्ला आहे. त्या वेळी तारा बसवायच्या नसतात. दुधाचे दात पडून पक्के दात कोणत्या दिशेने येत आहेत एवढे पाहायचे असते. प्रत्यक्ष तारा बहुधा अकरा ते चौदा या वयात बसवतात, कारण तोवर बहुतेक पक्के दात आलेले असतात आणि वाढीचा जोर हाताशी असतो. परंतु मोठ्या माणसांना बंदी नाही. हिरड्या आणि हाड निरोगी असेल, तर चाळिशीतही दात सरकतात. मात्र ज्याने वीस वर्षे तंबाखूची गोळी गालात धरली किंवा मशेरी लावून हिरड्यांची चाळण केली, त्याने आधी हिरड्यांचा उपचार करावा. पाया खचलेल्या घराच्या भिंती सरळ करण्यात अर्थ नसतो.

आता तिसऱ्या पक्षाचा, म्हणजे हाडाचा विचार करू. दात जबड्यात खिळ्यासारखा ठोकलेला असतो, अशी आपली समजूत असते. तसे असते तर तो कधीच सरकला नसता. दाताचे मूळ आणि हाड यांच्यामध्ये तंतूंचे एक पातळ अस्तर असते, सुमारे पाव मिलिमीटर जाडीचे. तारेने दाताला एका बाजूला हलका रेटा दिला, की त्या बाजूचे अस्तर दबते व विरुद्ध बाजूचे ताणले जाते. दबलेल्या बाजूला हाड विरघळवणाऱ्या पेशी जमतात, ताणलेल्या बाजूला नवे हाड घालणाऱ्या पेशी कामाला लागतात. पुढे पाडकाम, मागे बांधकाम, अशा रीतीने दात आपल्या घरासकट सरकतो. याचा वेग साधारण महिन्याला एक मिलिमीटर. तांदळाच्या दाण्याची जाडी डोळ्यांसमोर आणा, म्हणजे दोन वर्षे का लागतात ते कळेल.

आणि या पेशींना ओव्हरटाइम चालत नाही! जोर दुप्पट केला तर काम दुप्पट होत नाही. अस्तरातला रक्तपुरवठा दबतो, काम थंडावते, दुखणे वाढते आणि दाताचे मूळ झिजण्याची भीती उत्पन्न होते. "डॉक्टर, जरा घट्ट आवळा, लवकर मोकळे करा," असे म्हणणारे पालक आम्ही पाहिले आहेत. कारखान्यात यंत्राचा वेग वाढवून मागणाऱ्या मालकाची भाषा निराळी नसते. शरीराला त्याची गती असते. ती मान्य करूनच करार करावा.

ही विद्या काल-परवाची नाही. फ्रान्समधील प्येर फोशार या दंतवैद्याने १७२८ साली छापलेल्या ग्रंथात धातूची पट्टी दोऱ्याने दातांना बांधून त्यांना ओळीत आणण्याची रीत दिली आहे. अमेरिकेतील एडवर्ड अँगल यांनी १८९९ साली दातांच्या बैठकीचे तीन वर्ग पाडले, तेच आजही दवाखान्यातल्या कागदावर लिहिले जातात. पूर्वी प्रत्येक दाताभोवती धातूचे कडे बसवावे लागे. १९५५ साली मायकेल बुओनोकोर यांनी दाखवले की, दाताच्या पृष्ठभागाला आम्ल लावून तो खरखरीत केला म्हणजे त्यावर लेप घट्ट धरतो. त्यातून पुढे दातावर लहानशी टिकली चिकटवण्याची सोय झाली. निकेल आणि टायटॅनियम यांच्या ज्या मिश्रधातूची पहिली तार आज बहुतेकांच्या तोंडात जाते, तो अमेरिकी नौदलाच्या प्रयोगशाळेत सापडला. वाकवला तरी मूळ आकाराकडे परत येण्याचा त्याचा गुण १९७०च्या दशकात दातांच्या कामी आला. आपल्याकडे डॉ. रफिउद्दीन अहमद यांनी १९२० साली कलकत्त्यात देशातले पहिले दंत महाविद्यालय काढले, मुंबईत नायर रुग्णालयाचे दंत महाविद्यालय १९३३ साली निघाले, आणि दात सरळ करणाऱ्या तज्ज्ञांची भारतीय संस्था १९६५ साली स्थापन झाली.

असो. आता दवाखान्याच्या आत जाऊ.

पहिल्या भेटीत तारा बसत नाहीत. तपासणी होते, चेहऱ्याची व दातांची छायाचित्रे काढतात, जबड्याचे एक्स-रे घेतात, दातांचा साचा घेतात. साच्यासाठी तोंडात ओलसर मसाला भरलेला पाळा धरतात. तेव्हा थोडी ओकारी येते, नाकाने श्वास घेतला की ती आवरते. काही ठिकाणी आता त्याऐवजी छोट्या कॅमेऱ्याने दातांचा नकाशा घेतात. किडलेले दात भरून, दात साफ करून घ्यावे लागतात. या सर्व कागदांवरून डॉक्टर योजना आखतात. ती योजना तुमच्या भाषेत समजून घेण्याचा तुम्हांला अधिकार आहे.

योजनेत कित्येकदा चार उपदाढा काढण्याचे ठरते, आणि तेथे घरात आकांत होतो. चांगले निरोगी दात काढायचे? वरचा दात काढला तर डोळ्यांची नजर जाते, असे आजी सांगते. आजीचा मान राखून सांगतो की, ही समजूत खरी नाही. दाताची शीर वेगळी आणि दृष्टीची शीर वेगळी. बाक लहान आणि बसणारे जास्त असले म्हणजे कोणाला तरी उठावेच लागते. दोन उठले की बाकीचे नीट बसतात. काढलेल्या दातांची जागा उपचार पुरा होईतो बहुधा भरून येते. मात्र दात काढणे प्रत्येकालाच लागत नाही. का काढायचे, न काढता काय होईल, हे विचारल्याशिवाय मान डोलावू नये.

मग बसवण्याचा दिवस. काहींना त्याआधी आठवडाभर दाढांच्या फटींत छोटी रबरी कडी घालतात, म्हणजे दाढेभोवती पट्टी बसायला जागा होते. तेव्हा सुपारीचे खांड अडकल्यासारखे वाटते. प्रत्यक्ष दिवशी सुई नाही, रक्त नाही. गाल बाजूला धरणारे साधन लावतात, दात कोरडे करतात, आंबट चवीचा लेप लावून धुतात, डिंकासारख्या द्रव्याने प्रत्येक दातावर टिकली चिकटवतात आणि निळ्या प्रकाशाने ती पक्की करतात. टिकल्यांच्या खाचेतून तार ओवून रबराच्या बारीक कड्यांनी बांधतात. तासभर, कधी अधिक वेळ तोंड उघडे ठेवावे लागते. जबडा आंबतो, एवढाच त्रास. मूल हसत घरी येते आणि आई म्हणते, काहीच दुखले नाही.

दुखणे रात्री येते. काही तासांनी दात ठणकू लागतात, दुसऱ्या दिवशी ते सर्वांत जास्त जाणवते, आणि साधारण आठवड्याच्या आत ओसरते. दात हलल्यासारखे वाटतात. त्यांनी हलावे म्हणूनच तर हा खटाटोप! डॉक्टरांनी दिलेली गोळी घ्यावी. शेजाऱ्याच्या कपाटातली घेऊ नये. गालाच्या व ओठांच्या आतल्या बाजूला टिकल्या घासून तोंड येते. दवाखान्यातून मऊ मेण देतात, त्याची लहान गोळी करून टोचणाऱ्या टिकलीवर दाबून बसवावी. कोमट मिठाच्या पाण्याच्या गुळण्या कराव्यात. दोन-तीन आठवड्यांत गाल सरावतो. बोलणे थोडे अडखळते, तेही सुधारते. वर्गात कोणी चिडवतात. त्यावर उत्तम उपाय म्हणजे मुलाने स्वतःच पहिला विनोद करून टाकणे.

खाण्याची काय व्यवस्था? पहिले काही दिवस पेज, मऊ भात-वरण, खिचडी, उपमा, दही. पुढे सर्व काही खाता येते, फक्त दाताने तोडायचे नाही. भाकरी आमटीत कुस्करून खावी. तांदळाची भाकरी असेल तर आणखी सोपे. पेरू, सफरचंद, गाजर फोडी करून. चिक्की, ऊस, फुटाणे, कडक चकली, बर्फ आणि भाजलेले कणीस यांना दोन वर्षे रामराम. खाडीकाठच्या आमच्या मंडळींना सांगतो, कालवणातले मासे खुशाल खा. भाजलेला सुका बोंबील कडाकडा चावू नका. एका चिक्कीच्या तुकड्याने एक टिकली निघते. ती टिकली परत बसवण्यासाठी दवाखान्याची एक फेरी, कित्येकदा जादा पैसे, आणि तोवर तो दात जागच्या जागी थांबलेला. टिकली निखळली किंवा तारेचे टोक गालाला टोचू लागले, तर मेण लावावे आणि डॉक्टरांना कळवावे. घरातली पक्कड काढून बापाने फिटरकाम करू नये. मूल कबड्डी किंवा क्रिकेट खेळत असेल, तर तोंडात घालायचे संरक्षक कवच डॉक्टरांकडून घ्यावे.

कराराचे सर्वांत महत्त्वाचे कलम स्वच्छतेचे आहे. टिकल्यांभोवती अन्न अडकते. प्रत्येक जेवणानंतर ब्रश, टिकलीच्या वरून आणि खालून, तारेखाली बारीक ब्रश, फ्लोराइडची पेस्ट. हे केले नाही तर टिकलीभोवतीच्या दातातले क्षार निघून जातात आणि तारा काढल्यावर सरळ दातांवर पांढरे चौकोनी डाग उरतात. दात ओळीत आले पण डागाळलेले, यापेक्षा वाईट सौदा कोणता? कंपनीच्या डब्यात भाजी-चपातीबरोबर ब्रशही न्यावा. त्यात लाजण्यासारखे काही नाही.

चार ते सहा, कधी आठ आठवड्यांनी दवाखान्यात जावे लागते. तार बदलते, हळूहळू जाड होते. पुढे पोलादाची येते. प्रत्येक भेटीनंतर एक-दोन दिवस पुन्हा ठणका. मध्यावर कित्येकांना वरच्या-खालच्या दातांमध्ये अडकवायची बारीक रबरे देतात. ती दिवसातले वीस-बावीस तास हवीत. येथे पुष्कळ करार मोडतात. डॉक्टरांसमोर रबर, घरी डबीत. रबर न लावलेला महिना हाडाच्या हजेरीपत्रकावर गैरहजरीच लागतो, आणि दोन वर्षांची अडीच वर्षे होतात. एकूण मुदत बहुधा अठरा ते चोवीस महिने. काम अवघड असेल तर त्याहून अधिक.

तारांत प्रकार आहेत. धातूच्या टिकल्या स्वस्त आणि मजबूत. दाताच्या रंगाच्या टिकल्या कमी दिसतात, पण महाग आणि ठिसूळ. दातांच्या आतल्या बाजूने बसवायच्याही असतात. आता काढता-घालता येणारे पारदर्शक साचेही निघाले आहेत. सोप्या कामात ते चांगले, पण दिवसभर घातले तरच. यांविषयी एक धडा सांगण्यासारखा आहे. अमेरिकेत 'स्माइलडायरेक्टक्लब' नावाची कंपनी २०१४ साली निघाली. ती असे साचे घरपोच टपालाने पाठवी. डॉक्टरांकडे महिन्याच्या महिन्याला जाणे नको, खर्च कमी. डिसेंबर २०२३ मध्ये कंपनीने गाशा गुंडाळला. हजारो माणसांचे दात अर्धे सरकलेले, विचारायला कोणी नाही, आणि ज्यांचे हप्ते चालू होते त्यांनी ते भरत राहावे अशी कंपनीची सूचना! करार करताना समोर माणूस असावा, ज्याचे दार ठोठावता येते, हे जुने शहाणपण दातांनाही लागू आहे.

तो माणूस कोण असावा? १९४८ साली आपल्या देशात दंतवैद्यांचा कायदा झाला. कामगार राज्य विम्याचा कायदाही त्याच सालचा. नोंदणी असल्याशिवाय कोणी दंतवैद्य म्हणून काम करू शकत नाही, आणि दात सरळ करण्याचा तज्ज्ञ होण्यासाठी दंतवैद्यकीच्या पदवीवर आणखी तीन वर्षे शिकावे लागते. भिंतीवरची पदवी वाचणे हा अपमान नव्हे. दरमहा तोच तज्ज्ञ पाहणार की कोणी तिसराच, हेही विचारावे.

आता पैशाविषयी. खाजगी दवाखान्यात हा खर्च दहा हजारांच्या पटीत मोजावा लागतो. सुरुवात करण्यापूर्वी कागदावर लिहून घ्यावे : एकूण रक्कम किती, हप्ते कसे, एक्स-रे आणि दात काढणे त्यात धरले आहे की वेगळे, निखळलेल्या टिकलीचे पैसे किती, आणि शेवटी द्यावयाचे रिटेनर त्यात आहेत की नाहीत. प्रत्येक हप्त्याची पावती. बदली झाली, गाव सोडावे लागले, तर एक्स-रे व कागद बरोबर न्यावेत. ज्यांना हा खर्च झेपत नाही त्यांच्यासाठी दंत महाविद्यालये आहेत. नेरूळ, बेलापूर, खारघर, कामोठे, सर्व आपल्याच खाडीच्या बाजूला. ठाण्याहून येणाऱ्या गाडीत ऐरोलीला बसले की नेरूळ थेट. पलीकडे मुंबईत नायरचे आणि सरकारी अशी महाविद्यालये आहेत. तेथे शिकणारे डॉक्टर आपल्या अध्यापकांच्या देखरेखीखाली काम करतात. वेळ अधिक जातो, खर्च कमी येतो.

आमच्या माहितीतली एक गोष्ट सांगतो. एका कामगाराच्या मुलीला तारा बसवून आठ महिने झाले होते. बापाचा कारखाना बंद पडला. हप्ता चुकला, आणि लाजेपोटी त्याने दवाखान्यात जाणेच सोडले. डॉक्टरांचा निरोप आला तरी उत्तर नाही. तारा मात्र मुलीच्या तोंडात तशाच राहिल्या, वर्षभर. कोणी पाहणारे नसले तरी तार आपले काम करीत असते, आणि निघालेल्या टिकल्यांमुळे काही दात भलतीकडे वळले. हिरड्या सुजल्या, डाग पडले. पुढे एका दंत महाविद्यालयात नव्याने सुरुवात करावी लागली. बाप आम्हांला म्हणाला, "पैसे नव्हते तर कुठल्या तोंडाने जाणार?" बंधूंनो, पैसे नसले तरी जावे. डॉक्टरांना सांगावे. हप्ता पुढे ढकलता येतो, तारा थोपवून ठेवता येतात, तीही सोय नसेल तर उतरवून रिटेनर देता येतात. यांतला कोणताही मार्ग तारा बेवारस सोडण्यापेक्षा बरा. संप मागे घेण्याचीही एक रीत असते. तो नुसता वाऱ्यावर सोडून घरी जाता येत नाही.

आम्ही हे केवळ घरांना सांगून थांबणार नाही. वेतनकरारांत चष्म्याचा उल्लेख कोठे कोठे येतो, दातांचा क्वचित. ज्या मुलाला खरोखर चावता येत नाही, त्याचा उपचार कुटुंबाच्या वैद्यकीय लाभात धरावा, ही मागणी संघटनांनी मांडण्याजोगी आहे. महिन्यातून एकदा मुलाला दवाखान्यात नेण्यासाठी दोन तासांची सवलत मागणे, हेही काही मोठे मागणे नव्हे. नाही तर दात आहेत तर चणे नाहीत, हीच म्हण आपल्या पिढ्यांच्या वाट्याला येत राहील.

शेवटचे कलम राहिले. ते सर्वजण विसरतात, म्हणून मुद्दाम शेवटी ठेवले. दोन वर्षांनी तारा निघतात. टिकल्या चिमट्याने सोडवतात, डिंक घासून काढतात, जीभ दातांवरून फिरते आणि सर्व काही गुळगुळीत लागते. घरात पेढे येतात. पण हाड अजून मऊ असते आणि हिरडीतले ताणलेले तंतू दातांना जुन्या जागी ओढीत असतात. म्हणून रिटेनर देतात : काढता-घालता येणारा साचा किंवा दातांच्या मागे चिकटवलेली बारीक तार. काढता येणारा साचा पहिले काही महिने जवळजवळ दिवसरात्र आणि पुढे वर्षानुवर्षे रात्री घालायचा. चहाच्या कपात विसरलेला, रुमालात गुंडाळून फेकलेला, गावच्या जत्रेत हरवलेला रिटेनर म्हणजे दोन वर्षांची मजुरी पाण्यात. हरवला तर त्याच आठवड्यात दुसरा करून घ्या.

कामगार चळवळीत आम्ही एक गोष्ट शिकलो. करारावर सही झाली की हार घालतात, फोटो काढतात, ढोल वाजतात. खरे काम दुसऱ्या दिवशी सुरू होते : मिळालेले टिकवणे. दातांचेही तसेच आहे. ज्यांच्या घरी तारा बसल्या आहेत त्यांनी आज रात्री मुलाच्या उशाशी रिटेनरची किंवा रबरांची डबी आहे का, एवढे पाहावे. आणि ज्यांच्या घरी बसायच्या आहेत त्यांनी सही करण्यापूर्वी वाचावे, विचारावे, लिहून घ्यावे.